कोपऱ्यातले नऊ

खोडरबर आता हरभऱ्याएवढा उरला होता, चिमटीत धरला तरी निसटत होता, आणि कागद त्याच जागी घासून घासून इतका विरला होता की खालच्या मेजाचा रंग दिसावा... तरी म्हाताऱ्याला बरं वाटत होतं. सकाळ निवांत होती, चहा झाला होता, आणि वहीत एकच ओळ होती: य = क्ष² + ६क्ष + ११. तिची मांडणी अशी बदलायची होती, की त्या वक्राचा सगळ्यात खालचा बिंदू नुसत्या नजरेला दिसावा. शेजारी दहावीच्या परीक्षेचा अर्ज. दुपारपर्यंत द्यायचा होता, आणि 'गणित' या चौकटीत अजून खूण नव्हती. गणित सोडून दुसरा विषय घेता येत होता.

चाळीस वर्षं फरश्या बसवलेला माणूस — त्याला चौरस कुणी शिकवायचा? क्ष लांब, क्ष रुंद असा चौरस त्याने मनातच घातला. क्षएवढ्या लांब, एक रुंद अशा सहा पट्ट्या, त्यातल्या तीन उजवीकडे, तीन खाली. कोपऱ्यात तीन बाय तीनची जागा मोकळी राहिली, तिथे नऊ फरश्या ठोकून बसवल्या, आणि ऐटीत लिहिलं: (क्ष + ३)² + ११.

सून कपड्यांच्या घड्या घालता घालता डोकावली. घरात त्याची मास्तरीण तीच.

"बाबा, हे नऊ कुठून आणले?"

"कोपरा मोकळा होता."

"म्हणून कुठूनही आणायचे?"

"कमी पडलं की दुकानातून मागवतो आम्ही."

"इथलं दुकान बंद आहे," ती हसली. "आहे त्यातच भागवा. नाहीतर समीकरणच बदलतं."

बदलतं... एकदा एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्याची फरशीही अशीच कमी पडली होती. आणखी खोकी मागवली. नव्या खोक्यांवर छटेचा वेगळा आकडा छापलेला, आणि त्याला तेव्हा आकडा काय नि मुंगी काय, सारखंच. ऊन आत आलं तेव्हा अर्धी खोली दुधासारखी, अर्धी ताकासारखी — घरमालकीण नुसती बघत राहिली. ते बघणंच साठीनंतर त्याला अक्षरांपर्यंत ओढत घेऊन आलं होतं. परीक्षेच्या खोलीत पुन्हा कुणी तसं बघितलं तर?

त्याने अकराकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"ह्यातलेच नऊ उचलू?"

"उचला की. उरले किती?"

"दोन."

(क्ष + ३)² + २. वर्ग काही शून्याच्या खाली जात नाही. क्ष उणे तीन झाला की तो शून्य, आणि य दोन — तळ तिथे, त्याखाली काही नाही. बाहेरून काही आलं नव्हतं, घरातलं काही गेलं नव्हतं, आणि इतका वेळ हा तळ त्याच ओळीत गुपचूप बसून होता...

"मग? करू का खूण?" सुनेने अर्ज ओढला.

"थांब गं जरा."

त्याची नजर पुढच्या गणितावर गेली होती: क्ष² + ५क्ष + ९. पाच पट्ट्या. दोन इकडे, दोन तिकडे, आणि पाचवी... पाचवी उभी चिरावी लागणार. खरं तर आता धास्ती वाटायला हवी होती. ती येईल म्हणून तो क्षणभर थांबलाही. ती आली नाही. बोटं मात्र शिवशिवली — चिरायचं म्हटल्यावर हा हात कधी डगमगला नव्हता.