हिरवी जग्वार आणि हिंदुरावांची कवळी

"रामदादा, डबा पाठवायच्या आधी उघडून बघितला होता का?"

डॉ. पूर्वी राऊत यांचा आवाज फोनवर नेहमीसारखाच मऊ होता, आणि राम भोंगला भीती वाटायची ती त्याचीच. बाई चिडल्या की आणखी हळू बोलत.

"बघितला की मॅडम. वरचे-खालचे दोन्ही दात मेणावर बसवलेत. तुम्ही आबांच्या तोंडात घालून बघितलंत की मी पक्की कवळी करायला घेतो."

"आबा माझ्यासमोर आ करून बसलेत. आणि डब्यात दोन लाल खुर्च्या आहेत. एक स्टिअरिंग आहे. यातलं वर काय बसवू आणि खाली काय?"

रामने टेबलाकडे पाहिले. दात पाठवायचे निळे डबे त्याच्याकडे ढीगभर होते आणि सगळे एकसारखे. त्यातला एक कोपऱ्यात होता. त्याने झाकण उघडले. सणसरच्या हिंदुराव निंबाळकरांचे अठ्ठावीस दात त्याच्याकडे बघून हसत होते.

"चूक झाली, मॅडम."

"रविवारी त्यांच्या नातीचा साखरपुडा आहे. आज गुरुवार. पुण्याची एक लॅब आहे, कॉम्प्युटरवर दात करते. परवा त्यांचा माणूस येऊन गेला. मी त्याला नाही म्हटलं होतं." एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला.

बारामतीच्या कडेला जळोचीत, घराच्या पुढच्या खोलीत रामची लॅब होती. गेली बावीस वर्षे तो बारामती आणि इंदापूरच्या डॉक्टरांना दात करून देत होता. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे माप घेत, त्याचा प्लॅस्टरचा साचा यष्टीने रामकडे येई, राम त्यावर दात बसवी आणि निळा डबा यष्टीने परत जाई. पेशंटला वाटे, दात डॉक्टरांनी केले. रामची त्याबद्दल तक्रार नव्हती. मात्र आपण केलेला एकही दात त्याने कधी माणसाच्या तोंडात पाहिला नव्हता.

गाडीचे खूळ शिरले ते दोन वर्षांपूर्वी. दातांच्या सामानाच्या प्रदर्शनासाठी तो पुण्याला गेला होता. शेजारच्या हॉलमध्ये छोट्या गाड्यांचे प्रदर्शन होते. हौशी लोकांनी सुटे भाग जोडून, रंगवून केलेल्या वीतभर गाड्या, आणि प्रत्येकीपुढे एक कार्ड. कार्डावर करणाऱ्याचे नाव. राम गाड्यांपेक्षा कार्डेच जास्त वेळ वाचत राहिला. येताना त्याने एक खोके आणले. एकोणीसशे एकसष्ट सालची इंग्लिश जग्वार, चोवीस पट लहान.

"चालते का ही?" योगिनीने विचारले होते. ती जळोचीच्या शाळेत चौथीचा वर्ग घ्यायची, त्यामुळे तिच्या साध्या प्रश्नालाही परीक्षेची कळा यायची.

"नाही."

"मग काय करते?"

रामने थोडा विचार केला. "बघायची असते," तो म्हणाला.

पहिले वर्ष चाकांतच गेले. खोक्यातल्या चाकांच्या प्लॅस्टिकच्या तारा रामला जाड वाटल्या. वेड्यावाकड्या दातांच्या पोरांना लावायची केसासारखी तार त्याच्याकडे होतीच. त्याने एकेका चाकात बहात्तर तारा ओवल्या. मग रंग. बारामतीत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात जाऊन त्याने बाटलीसारखा गडद हिरवा मागितला.

"किती लिटर?" दुकानदाराने विचारले.

"पन्नास मिली."

"बारीक ओरखडा असंल तर काडीनं लावायचं पेन देतो."

"ओरखडा नाही. सगळी गाडी रंगवायचीय."

दुकानदाराने त्याच्याकडे नीट पाहिले आणि रंग मोजून दिला. पुढे कधीही राम दुकानात आला की तो आधी पाणी विचारायचा.

रंगाची बारीक पिचकारी लॅबमधल्या कॉम्प्रेसरच्या हवेवर चालायची. एक हात मारायचा, दोन दिवस वाळवायचा, ओल्या पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा मारायचा. धूळ बसू नये म्हणून झाकण हवे. एकदा योगिनीने पोळ्यांचा डबा उघडला तर आत फडक्यावर हिरवे बॉनेट.

"अहो, पोळ्या कुठं ठेवू?"

"कुकरमध्ये ठेव की."

"आणि भात?"

त्या दिवशी त्यांनी भात खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी ती नवा डबा घेऊन आली. त्यावर तिने पट्टी चिकटवली होती, 'पोळ्या'. जुना गाडीला मिळाला.

यंदा पुण्याचे ते प्रदर्शन याच रविवारी होते आणि रामने आपले नाव कळवले होते. शेवटचा हात दोन दिवसांपूर्वी मारून झाला होता. आता आत खुर्च्या आणि स्टिअरिंग बसवले की काम संपणार होते. ते इंदापुरात डॉक्टरांच्या टेबलावर होते.

दुपारी राम दातांचा डबा घेऊन स्टँडवर निघणार, एवढ्यात दारात रिक्षा थांबली. धोतर, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी अशी एक उंच, वाकलेली आकृती आत आली.

"भोंग तुमीच का? मी हिंदुराव. सणसरचा." पाहुण्यांनी पिशवीतून निळा डबा काढला. "डॉक्टरबाई म्हनल्या, यष्टीनं धाडते. मी म्हनलं, माजी यष्टी त्याच वाटंनं जाती. सणसरला न उतरता फुडं आलो."

दात नसल्यामुळे त्यांच्या बोलण्यातले त, द आणि स वाऱ्यावर जात होते. इथे ते जागच्या जागी ठेवून लिहिले आहेत.

"आबा, तुम्ही कशाला त्रास घेतला? चूक माझी होती."

"तरास न्हाय. मला ते बगायचंय." आबांनी डब्यातले स्टिअरिंग दोन बोटांत धरले. ते त्यांच्या अंगठ्याच्या नखाएवढे होते. "एवढं बारीक करनारा मानूस हाय कोन, म्हनलं बगून यावं. बाकीची गाडी कुठं हाय?"

बावीस वर्षांत रामच्या लॅबमध्ये आलेला हा पहिला पेशंट. त्याने पोळ्यांचा जुना डबा उघडला. आबा स्टुलावर बसले. खिशातून चष्मा काढून त्यांनी दोरीने कानाला अडकवला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"बॉनेट उघडतं?"

"उघडतं." रामने बॉनेट कडेला धरून पुढच्या बाजूला कलते केले. खाली चंदेरी इंजिन.

"ट्रॅक्टरवानी फुडं उघडतं की." आबा खूश झाले. मग वाकून इंजिनाकडे पाहताना त्यांच्या कपाळावर आठी आली. "शिलिंडर किती हाईत?"

"सहा."

"मग पलगच्या वायरी कुठं हाईत?"

खोक्यात वायरी दिल्या नव्हत्या आणि बॉनेट बंदच राहणार म्हणून त्याने त्या मनावर घेतल्या नव्हत्या.

"माज्याकडं पेट्रोलची जीप हुती. चार वायरी. एक निसटली तरी गाडी खोकायची. हिला तर एकबी न्हाय."

"आबा, ही चालवायची नाही."

"चालवायची न्हाय म्हनून वायरी सोडल्या?" आबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "माज्या दातात बी असंच कायतरी सोडलं असंल. आत कोन बगतंय म्हनून."

कुणी डॉक्टर असे बोलला असता तर रामला राग आला असता.

आबांना मात्र आपण काही लागट बोललो हे कळलेच नव्हते. ते प्रेमाने बॉनेट मिटवत होते. "आबा, बोट…" एवढे रामच्या तोंडातून निघेपर्यंत बॉनेट मिटले होते. आबांनी हात काढला तेव्हा हिरव्या आरशावर, अगदी मधोमध, ऊस तोडून रापलेला एक अंगठा सगळ्या रेघांसकट उमटला होता.

"वला हाय व्हय रंग?"

"आतून वाळायचा होता."

योगिनी चहा आणि बिस्किटे घेऊन आली. दोघे पुरुष पोळ्यांच्या डब्यावर मान घालून बसलेले पाहून तिने ट्रे हळूच टेकवला. आत डोकावून तिने अंगठा पाहिला, नवऱ्याचे तोंड पाहिले आणि आत गेली.

"आता काय करावं लागंल?" आबांनी विचारले.

"घासायचं. परत दोन हात मारायचे. रविवारी पुण्यात दाखवायला न्यायची होती."

"हुईल तंवर?"

"दुसरं काहीच केलं नाही तर होईल."

आबांनी बिस्किट चहात बुडवले, ते पुरते मऊ होईपर्यंत थांबले आणि जिभेने टाळूवर दाबून गिळले. मग म्हणाले, "असं करा. माजं दात ऱ्हाऊ द्या. साखरपुड्याला मला कुठं भाशन करायचंय? तोंड मिटून बसंन. तुमी गाडी करा."

राम त्यांच्या जबड्याकडे पाहत होता. गेले पंधरा दिवस तो जबडा प्लॅस्टरचा होऊन त्याच्या टेबलावर होता. डाव्या बाजूचे हाड झिजलेले, उजवीकडे एक उंचवटा. तोच उंचवटा आता चहाच्या घोटाबरोबर हलत होता. आतापर्यंत हा माणूस रामसाठी एक माप होता. ते माप समोर बसून, नातीच्या साखरपुड्यात तोंड मिटून बसायला तयार झाले होते.

त्याने पोळ्यांच्या डब्याचे झाकण लावले आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.

"आबा, दात घालून बघा."

"तुमीच बसवा की."

"मला पेशंटच्या तोंडात हात घालता येत नाही. ते डॉक्टरांचं काम."

"तोंड माजं, हात बी माजा. तुमी नुसतं सांगा." आबांनी दोन्ही कवळ्या चाचपून आत सरकवल्या. गाल भरले, हनुवटी खाली आली आणि स्टुलावर एक वेगळाच, दहा वर्षांनी तरुण माणूस बसला. राम डोळे मोठे करून बघत राहिला. आबांनी भिंतीवरच्या आरशात पाहिले आणि ते नाराज झाले.

"लईच शिस्तीत बसल्यात," ते म्हणाले. या वेळी त आणि स दोन्ही जाग्यावर होते. "हे माजं न्हाईत. माजा ह्यो फुडला दात जरा तिरका हुता. आमची घरची, दगडाबाई, मला वळखायची न्हाय."

"किती तिरका?"

आबांनी बोट वाकडे करून दाखवले. रामने कवळी हातात घेतली, सुरी दिव्यावर तापवली, मेण मऊ केले आणि दात केसभर वळवला. "आनि थोडा," आबा म्हणाले. पुन्हा सुरी, पुन्हा आरसा. पाचव्या वेळी आबा आरशात बघून हसले, तेव्हा रामने सुरी खाली ठेवली.

शुक्रवारी आबा तो डबा स्वतःच इंदापूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी फोन केला. "चावा बरोबर आहे. पण हा दात वाकडा कसा काय?"

"पेशंटनी मागितला, मॅडम."

मग त्या म्हणाल्या, "करा पक्की."

डबा संध्याकाळच्या यष्टीने परत आला. त्याच दिवशी रामने पुण्याला फोन करून आपले नाव काढायला सांगितले. योगिनी स्वयंपाकघरात होती. तिने ऐकले. पोळी लाटत लाटत म्हणाली, "रविवारी मग आपण इंदापूरला जायचं ना? आबांनी बोलावलंय. मला ती जांभळी साडी नेसायचीच होती." शनिवारभर राम मेणाच्या जागी प्लॅस्टिक भरणे, कवळी शिजवणे, साच्यातून फोडून काढणे, घासणे यात गुंतला. आतली, टाळूला लागणारी बाजू, जी कुणाला दिसत नाही, ती त्याने दोनदा तपासली.

रविवारी सकाळी क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी कवळी बसवली आणि अकरा वाजता इंदापूरच्या मंगल कार्यालयात साखरपुडा सुरू झाला. नात श्रेया नव्या साडीत अवघडून बसली होती. आबा कोचावर ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत होते. कारण नसताना हसत होते. दगडाबाई ओटीचे सामान घेऊन समोरून चालल्या होत्या, त्या थबकल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे त्यांनी निरखून पाहिले.

"आला व्हय परत," त्या दाताला उद्देशून म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून पुढे गेल्या.

पंगत बसली. आबांनी रामला आग्रहाने आपल्या शेजारी बसवले, समोर व्याही. व्याही म्हणाले, "तब्येत सुधारली तुमची. चेहरा भरला."

"ह्यांची किरपा." आबांनी रामच्या पाठीवर थाप मारली आणि कुणाला काही कळायच्या आत वरची कवळी काढून तळहातावर घेऊन व्याह्यांपुढे धरली. "ह्ये बगा. ह्यांचं काम."

योगिनीने डोळे मिटून घेतले. रामला वाटले, पत्रावळीखाली शिरावे. पण व्याही वाकले. त्यांच्या शेजारचा वाकला. वाढपी जिलेबीचे ताट घेऊन उभा राहिला. "ह्यो वाकडा मुद्दाम केलाय, दगडाबाईसाटी," आबा सांगत होते, आता पुन्हा त आणि स शिवाय. "आनि हितं आत बगा, कसं घोटलंय."

शेवटी रामही वाकला. कवळीच्या डाव्या कडेला त्याला रक्ताची एक बारीक रेघ दिसली.

"आबा, इथं हिरडीला टोचतंय का?"

"जरा."

"मॅडमना दाखवा," राम म्हणाला.

दोन पाने सोडून डॉ. पूर्वी बसल्या होत्या. त्यांनी सगळे पाहिले होते. "सोमवारी या, आबा," त्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या. "आणि रामदादा, तुम्हीही या. तोंडात बघूनच घासू."

"येतो, मॅडम."

आबांनी कवळी तांब्यातल्या पाण्याने धुऊन परत घातली आणि जिलेबी मागितली. व्याह्यांनी विषय बदलून ऊसतोडीचा काढला. राम पहिला घास घेणार, तोच समोरच्या रांगेतल्या एका म्हातारीकडे त्याचे लक्ष गेले. ती कधी भेटलेली नव्हती. पण ती हसली आणि रामला ते दात ओळखू आले. गेल्या दिवाळीच्या आसपासचे, पिवळसर छटेचे, खालचा जबडा अरुंद. तिच्यापुढे तिसऱ्या पानावर एक फेटेवाले, उजवीकडची दाढ थोडी उंच, ती त्याने दोनदा घासली होती. राम घास हातात धरून रांगेवरून हळूहळू नजर फिरवत गेला. चेहरे सगळे अनोळखी होते.

"अहो, जेवा की," योगिनी म्हणाली. "कुणाला शोधताय?"

"काही नाही," राम म्हणाला, आणि जेवू लागला.