दोन चिमण्या आणि कोपरावरची बांगडी

मित्रांनो, लातूरच्या एका अरुंद बोळात, शिकवणी वर्गांच्या पाट्यांच्या गर्दीखाली गोंदणाचे एक दुकान आहे. त्या दुकानातील काचेच्या कपाटात पितळी देहाची जी जुनी मशीन विसावली आहे, ती मीच. माझी सुई केव्हाच काढून ठेवली आहे. आता मी कोणाला टोचत नाही; केवळ पाहते आणि आठवते.

माझा जन्म कोणत्याही कारखान्यात झाला नाही. माझे मालक वीरण्णा यांनी विजेच्या घंटीचे वेटोळे आणि पितळेची पट्टी जोडून मला स्वहस्ते घडवले. मोटारसायकलच्या बॅटरीवर मी प्रथम गुणगुणले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळून निघाला. पुढे आम्ही दोघांनी अनेक जत्रा आणि बाजार पाहिले. कोणी देवाचे नाव काढून घेई, कोणी हौसेने दंडावर विंचू. "अण्णा, जरा बी दुखत न्हाई बगा!" असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत हमखास पाणी असे.

चाकूरच्या बाजारात एकदा सिंधु आणि उज्वला या सख्ख्या बहिणी आल्या. धाकट्या उज्वलेने मनगटाच्या आतल्या अंगाला तुळस आणि तिच्या दोन बाजूंना दोन चिमण्या काढून घेतल्या. "एक तू, एक मी," ती बहिणीला म्हणाली. सिंधु मात्र सुईला भ्याली. "मी पुढच्या बारीला," म्हणत तिने हात पदराखाली लपवला.

पुढे उज्वला लग्न होऊन किल्लारीकडच्या एका गावी गेली, आणि त्र्याण्णवच्या त्या काळपहाटे धरणीच कोपली. मातीच्या जाड भिंतींनी घरातील माणसे पोटात घेतली. उज्वलेला तिच्या माणसांनी ओळखले ते मनगटावरील चिमण्यांवरून.

थंडी पडू लागली तेव्हा सिंधु एकटीच वीरण्णांपुढे येऊन बसली. हात तिने आपणहून पुढे केला.

"अण्णा, तिच्या हातावर हुतं तसंच काढा. तिचा फोटू न्हाई, लुगडं न्हाई. काईच न्हाई ऱ्हायलं."

वीरण्णांनी सुई बदलली. त्या दिवशी माझी गुणगुण मलाच जड वाटत होती. सिंधु एकदाही कण्हली नाही. काम संपल्यावर वीरण्णा म्हणाले, "काढायचं काम माझं झालं, राखायचं तुझं. उकळून गार केलेल्या पाण्यानं हळू धुवायचं, टिपून घ्यायचं, घासायचं न्हाई. खोबरेल अगदी थोडं. खपली धरली की खाजंल, पण नख लावू नको. नखासंगं रंग जातो. ऊन, वढ्याचं पाणी, दोन्ही वर्ज्य. सुजलं, पू धरला, तर माझ्याकडं येऊ नको, थेट दवाखाना गाठ."

मित्रांनो, पुढच्याच बाजारी खरे संकट आले. वेळ अमावस्या तोंडावर होती. शेतात कडब्याची खोप उभारून, आंबिल आणि मिश्र भाज्यांच्या भज्जीचा नैवेद्य दाखवायचा तो आमच्या भागातील मोठा सण. त्या दिवशी सुनेच्या हातात भरगच्च बांगड्या हव्यात, असा सिंधूच्या सासूबाई बसम्मा यांचा आग्रह होता. आमच्या शेजारीच रहमतबी बांगडीवालीचे दुकान असे. बसम्मांनी सिंधूचा हात तिच्यापुढे धरला.

"भर गं रहमतबी. गच्च बसणाऱ्या भर, खुळखुळ नको."

रहमतबीने हात उलटा करून पाहिला. चिमण्यांवर नुकतीच खपली धरली होती.

"ह्या हातात न्हाई भरनार, बसम्माबाई. काच घासून सगळं सोलून निघंल."

"मंग काय उघड्या हातानं पूजा करंल ही? चार लोकं काय म्हनतील?"

"लोकांचं सोडा. बांगडी फुटली तर मी दुसरी भरीन. ही चिमनी फुटली तर कुटून आनू? जिच्या हातावरनं ही काडली ती पोरगी तर मातीत हाय."

बसम्मांनी सुनेचा हात सोडला. सिंधु खाली मान घालून रडत होती. बहीण दुसऱ्यांदा हातची जाते की काय, हेच भय तिला होते.

तेव्हा रहमतबीने सर्वांत मोठ्या मापाची एकच हिरवी बांगडी शोधली, मनगटाला न शिवता अलगद वर सरकवली आणि कोपराच्या वर नेऊन बसवली.

"कुनी इचारलं तर सांगा, वाकी हाय म्हनून. दुसऱ्या हातात डब्बल भरते."

बसम्मांना हसू फुटले. "लई चालू हायस बाई तू!"

पुढे सिंधूने येऊन सांगितले की, त्या सणाला भाकरीचे पीठ आणि भांडी यांना सासूने तिला हात लावू दिला नाही. "आमच्या सूनबाईचा हात देवघरात ठेवलाय," असे टोमणे मारीत मारीत ती माउली एकटी राबली. खपली आपोआप गळली आणि दोन्ही चिमण्या अखंड राहिल्या.

वर्षे लोटली. लातूरला शिकवणी वर्गांचा सुकाळ झाला. वीरण्णांनी या बोळात दुकान थाटले, नवी मशीन घेतली आणि मला कपाट दिले. माझ्याकडे कोणी पाहीनासे झाले. त्याचे दुःख नाही असे म्हणणे खोटे ठरेल.

मागे एकदा सिंधु आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी अठरा पूर्ण झालेली, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणारी. नाव उज्वला. तिने आठवड्यापूर्वी नव्या मशीनवर त्याच चिमण्या काढून घेतल्या होत्या, आणि त्यांच्यावरच घड्याळाचा पट्टा घट्ट आवळला होता. एका चिमणीची शेपटी लालसर झाली होती.

"आई, घड्याळ त्याच हाताला लागतंय. दुसऱ्या हातानं लिहिते ना मी. टेस्ट हाय उद्या!"

सिंधूने पट्टा सोडला आणि घड्याळ तिच्या वहीवर ठेवले. मग पिशवीतून हिरव्या काचेची एक मोठी बांगडी काढली आणि मनगटाला न शिवता मुलीच्या कोपरावर चढवली.

"ही काय गं?"

"तुझ्या बसम्मा आजीनं जपली हुती. मरताना माझ्या हातात दिली. म्हनली, पोरीला लागंल."

मुलगी बांगडीकडे पाहत राहिली. घड्याळ पुन्हा तिने त्या हाताला बांधले नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. सुई क्षणभर टोचते आणि निघून जाते. त्यानंतरचे सारे गोंदण माणसेच करतात: धुणारा हात, आवरलेले नख, आणि आपल्या वाटणीचे काम उचलणारे घरातील कोणीतरी. नव्या जखमेला तेवढे द्या. चिमण्या मग उडून जात नाहीत.