आत चार, बाहेर तीन

पंख्याच्या चौकटीवर तांदळाच्या दाण्याएवढे दोन बाण कोरलेले होते. पाती कोणत्या दिशेनं फिरतात ते एक सांगत होता, हवा कोणत्या बाजूला जाते ते दुसरा. सुनेनं चौकट उजेडात धरली, दुसऱ्या बाणावरून नख फिरवलं आणि पंखा संगणकाच्या कॅबिनेटच्या मागच्या अंगाला लावून पहिला स्क्रू बोटांनीच बसवला.

खिडकीजवळच्या खुर्चीत सासूबाई मटार सोलत होत्या. एकतीस वर्षं त्यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी केली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गल्लीतले लोक त्यांना अजून सिस्टरच म्हणत. आता त्यांच्याच हृदयाची एक झडप आकसली होती. जिना चढताना त्या मधेच थांबत आणि शेजारणीच्या कुंड्या बघत असल्याचं दाखवत. ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याला आठ महिने होत आले होते. सुनेनं तीनदा विचारलं, तिन्ही वेळा उत्तर मिळालं, “बघू.” मग तिनं विचारणं सोडलं. परवा हॉस्पिटलमधून फोन आला होता. पुढच्या महिन्यातली एक तारीख त्यांनी राखून ठेवली होती. हो की नाही, ते आज पाचपर्यंत कळवायचं होतं. सकाळपासून घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

“काय गं, पेशंट कसा आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“भूल उतरायचीय अजून.”

“माझ्यापेक्षा जास्त नळ्या आहेत त्याला.”

“आणि तुमच्यापेक्षा कमी हट्टी आहे.”

सासूबाई हसल्या आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

संगणक एका संशोधन संस्थेचा होता, सून तो घरी जोडून देत होती. नद्यांच्या पुराचं गणित त्यावर अकरा दिवस अखंड चालणार होतं आणि तेवढा काळ त्यातली गणित करणारी कार्डं तव्यासारखी तापणार होती. त्यांच्यावरून पाणी फिरवायचं, पंपानं ते वरच्या रेडिएटरमध्ये न्यायचं, तिथे निववायचं. पण पाणी उष्णता नुसती उचलून नेतं. शेवटी ती हवेतच सोडावी लागते. म्हणून सून हवेचाच विचार जास्त करी. टेबलावर तिचा कागद पडलेला असे, आत येणारे बाण निळे, बाहेर जाणारे लाल. गार हवा आधी रेडिएटरला द्यावी की कार्डांना, यावर तिनं चार दिवस घालवले होते. प्रत्येक पर्यायासाठी पंखे हलवून, तासभर चालवून, तापमान लिहून ठेवलं होतं. सासूबाईंनी ती वही एकदा चाळली होती. खाडाखोड होती, पण प्रत्येक खोडलेला आकडा वाचता येत होता. तसं खोडायला त्यांनी थिएटरमधल्या किती शिकाऊ मुलींना शिकवून पाहिलं होतं.

“आत किती आणि बाहेर किती?” त्यांनी कागदाकडे बघत विचारलं.

“पुढून तीन आत. वरचे तीन आणि मागचा एक बाहेर.”

“म्हणजे तीन आणणार, चार नेणार. मग चौथ्याला हवा मिळते कुठून?”

सून उत्तर द्यायला वळली आणि थांबली. तिनं पातळ कागदाची एक पट्टी फाडली, फक्त पंखे सुरू केले आणि पट्टी मागच्या फटीजवळ धरली. पट्टी आत ओढली गेली.

“फटींतून,” ती म्हणाली. “आणि धुळीची जाळी फक्त पुढे आहे.”

“थिएटरमध्ये हवा आत जास्त ढकलायचे. दार उघडलं तर हवा बाहेर गेली पाहिजे. नाहीतर व्हरांड्यातला सगळा कचरा जखमेवर.”

“हे चार दिवसांपूर्वी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे? सासूला विचारायचं तुमच्या पुस्तकात नसतं.”

“असतं हो, शेवटच्या पानावर. तिथवर पोचले नव्हते.”

मागचा पंखा उलटा करायचा, त्यालाही जाळी लावायची. आत चार, बाहेर तीन. पण वरचा रेडिएटर सुटा करून थोडा उचलल्याशिवाय तो पंखा निघत नव्हता. बारा वाजता संस्थेचे साहेब संगणक न्यायला येणार होते आणि घड्याळात साडेदहा झाले होते. आहे तसा दिला असता तरी कुणाला कळलं नसतं. सुनेनं घड्याळाकडे पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. रेडिएटरचे बारा स्क्रू ती एकेक करून वाटीत टाकत गेली. पुढची जाळी तिनं काढून टेबलावर ठेवली, मागचा पंखा उलटा करून त्याला जाळी लावली, पुन्हा सगळं जागेवर चढवायला घेतलं. नळ्यांच्या प्रत्येक सांध्याखाली कालपासून टिपकागद ठेवला होता. तो कोरडा असल्याचं तिनं बोट लावून पाहिलं.

अकरा स्क्रू बसले. वाटी रिकामी होती.

तिनं वाटी उपडी करून पाहिली, टेबलाखाली पाहिलं. मग तिचा हात खणाकडे गेला. त्या खणात तसल्याच स्क्रूंची अख्खी पिशवी होती, हे सासूबाईंना माहीत होतं. त्यांच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली.

सुनेनं खणातून टॉर्च काढली आणि साहेबांना फोन लावला.

“आज बाराला मिळणार नाही. एक स्क्रू सापडत नाहीये.”

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. “अहो, एका स्क्रूसाठी? नवा लावा की.”

“नवा लावता येईल. जुना कुठे आहे ते माहीत नाही.”

“खाली पडला असेल कुठेतरी.”

“असेल. पण आत नाही हे डोळ्यांनी बघेपर्यंत मी वीज देणार नाही.”

ते आणखी काही बोलले. तिनं ऐकून घेतलं, “हो, गैरसोय होतेय, कळतंय मला,” म्हणाली आणि फोन ठेवला. मग बसवलेले अकरा स्क्रू पुन्हा काढायला लागली.

सासूबाई उठल्या. टॉर्च त्यांनी तिच्या हातातून घेतली आणि जिथे तिची बोटं जात होती तिथे उजेड पाडत राहिल्या. त्यांचा श्वास जरा मोठा होत होता, पण हात हलत नव्हता.

“एकदा आमची मोजणी जुळली नव्हती,” त्या म्हणाल्या. “शिवायच्या आधी बोळे मोजतात, त्यात एक कमी. डॉक्टर म्हणाले, उशीर होतोय, बरोबर म्हणून लिहा. मी नवीन होते. लिहिलं.”

सुनेनं मान वर केली नाही. “मग?”

“तीन आठवड्यांनी त्या पेशंटला पुन्हा उघडावं लागलं. जगला. मला कुणी काही बोललं नाही. माझीच सही होती, पण कुणी काही बोललं नाही.” त्यांनी टॉर्च पुढच्या फटीकडे वळवली. “पुढे तीस वर्षं दुसऱ्यांना त्या टेबलावर झोपवलं मी. स्वतः झोपायचं म्हटलं की तो कागद दिसतो. कोण मोजणार आणि कोण नुसतं लिहिणार, झोपलेल्याला काय कळतं?”

सुनेनं पुढची जाळी काढून उलटी केली. जाळीच्या कडेला लोहचुंबकाची पट्टी होती. कोपऱ्यात, काळ्यावर काळा, स्क्रू चिकटलेला होता. तो वाटीबाहेर पडला असणार आणि जाळी टेबलावर ठेवली तेव्हाच तिला चिकटला असणार.

“मिळाला,” ती हळूच म्हणाली. पण लगेच बसवला नाही. सगळे वाटीत ओतले, वाटी पुढे ओढली आणि एकेक स्क्रू बोटानं बाजूला सारत पहिल्यापासून मोजायला लागली.

मोजणी चालू असताना थिएटरमध्ये कुणी बोलत नसे. सासूबाई टॉर्च धरून उभ्या राहिल्या. सुनेच्या हनुवटीवर काळा डाग लागला होता, तोही त्यांनी सांगितला नाही.

“…अकरा, बारा.”

सासूबाईंनी टॉर्च बंद केली.

“हॉस्पिटलला फोन लाव,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशन करून घेते म्हणून सांग. आणि त्या दिवशी मोजणीला जी कोण पोरगी असेल, तिला आधी मला भेटायचंय.”