मधलं चाक

नाकाला पदर लावा, मग पुढं या. शिंकत ऐकलेली गोष्ट अर्धी हवेतच जाते. मी राणीसावरगावच्या गिरणीतलं मिरची कांडायचं यंत्र बोलतोय. गावात मला नुसतं ‘कांडप’ म्हणतात. जन्मभर मिरचीत तोंड घालून बसलेल्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म नांदेडच्या एका कारखान्यातला. चार लोखंडी मुसळं, खाली चार उखळं आणि वर एक फिरता दांडा. दांड्यावरचे दात मुसळाला उचलतात आणि सोडून देतात. मग मुसळ आपल्याच वजनानं खाली येतं, धप्! वर जायला दुसऱ्याचा जोर लागतो आणि खाली पडायला थोडा वेळ लागतो. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

मला आणलं धुरपताबाईनं. तिचा नवरा मुंजाजी साप चावून गेला, मूलबाळ नव्हतं. पालमचा भाऊ बन्सीधर तिला न्यायला आला होता. भाऊ वाईट नव्हता हो, पण भावजयीच्या चुलीपाशी विचारून भाकरी घ्यायची, हे बाईला नको होतं. तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि मला विकत घेतलं. गाडीतून उतरवताना माझ्या लोखंडावर हात ठेवून म्हणाली, “चाल बाबा आता. तू चाललास तर मीबी चालंन.”

कल्याणरावाच्या गिरणीत एक कोपरा आम्हाला भाड्यानं मिळाला. तिथं एक काळं, अवाढव्य ऑइल इंजिन होतं. त्याच्या जोरावर छताखाली एक लांब लोखंडी दांडा फिरायचा. पिठाचं जातं, डाळ भरडायचं जातं आणि मी, सगळे आपापला पट्टा त्या एकाच दांड्याला लावून चालायचो. इंजिन आळशी होतं, ठुक्... ठुक्... करत चालायचं. पण त्याची चाल मला मानवायची. फाल्गुन लागला की बायका मिरची, धने, सुकं खोबरं, दगडफूल घेऊन यायच्या आणि माझ्यापुढं बसून अख्ख्या गावाची उणीदुणी काढायच्या. माझ्यापेक्षा त्याच जास्त कांडायच्या म्हणा ना!

मग गिरणीत वीज आली. कल्याणरावानं पिठाचं नवं यंत्र आणलं आणि त्याच्या शेजारी एक गुटगुटीत मोटर बसवली. इंजिन भंगारात गेलं. छताखालचा दांडा काढून मागच्या अंगणात टाकला, तर दुसऱ्याच दिवशी कुणी त्याला म्हैस बांधली. डाळीचं जातंही गेलं. राहता राहिलो मी.

“मावशी,” कल्याणराव म्हणाला, “बसवणाऱ्या मिस्त्रीनं सांगितलंय, ह्या मोटरीला जुनं काईबी जोडायचं न्हाई. पाडव्याच्या आत कोपरा रिकामा करा.”

“आन् मी काय करू?”

“त्ये मला काय ठावं? जमाना बदलायलाय, मावशी.”

“जमान्याला तिखट लागतच न्हाई का रे?” धुरपताबाई म्हणाली. “एकदा जोडून तर बघ.”

हो-नाही करत त्यानं जोडलं. आई गं! मोटर जी सुसाट सुटली म्हणता! मुसळ खाली येतंय न येतंय तोच दात त्याला पुन्हा वर भिरकावायचा. पडायला सवडच नाही. चारही मुसळं अधांतरी थयथय नाचायला लागली आणि मिरची उखळातून उडून थेट गल्लीत गेली. समोर न्हाव्याकडं बसलेला माणूस अर्ध्या दाढीनं पळाला. शेवटी माझं एक मुसळ तडकन मोडलं, तेव्हा कुठं कल्याणरावानं खटका ओढला.

“बघितलंत?” डोळे चोळत तो ओरडला. “उचला हे धूड!”

धुरपताबाईच्या अंगणात, लिंबाखाली माझी रवानगी झाली. एका कोंबडीनं माझ्या उखळात अंडं घातलं. असा अपमान कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण खरं सांगू, मला माझं वाईट वाटत नव्हतं. बाई रिकाम्या हातांनी उंबऱ्यावर बसायची, ते बघवत नव्हतं. ऐन हंगामात तिचे हात कधी रिकामे नसायचे.

बातमी पालमला पोचली आणि बन्सीधर एसटीनं आला. “आक्का, बास झालं आता. चल घरी.”

“आखितीपर्यंत थांब,” अक्षय्य तृतीयेचा वायदा करत ती म्हणाली. “तवर हे न्हाई चाललं, तर गुमान येते.”

तो गेला आणि बाई पदर खोचून उठली. तिनं आश्रुबा सुताराला बोलावलं. आश्रुबा माझ्याभोवती फिरला, कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा कानामागं ठेवली.

“मोटर पळणार,” तो म्हणाला. “हे चालणार. दोघांचं जमायचं कसं?”

“मग मधी कायतरी घालू की! जाऊबाई आन् सासूबाईचं जमत न्हाई, तवा मधी कुणीतरी लागतंच.”

आश्रुबा हसला. मग त्याची नजर अंगणातल्या मोडक्या बैलगाडीवर गेली. मुंजाजीची गाडी. एक चाक कधीच पिचलं होतं, दुसरं धडधाकट होतं. “एवढं मोठं चाक मधी फिरवलं, तर मोटरीची रग जिरंल,” तो म्हणाला. धुरपताबाईनं चाकावरून हात फिरवला. त्या गाडीत बसून ती या गावात नांदायला आली होती.

“काढ,” ती म्हणाली. “त्येंनी असते तर त्येंनीच काढून दिलं असतं.”

म्हैस सोडून गिरणीमागच्या अंगणातला जुना दांडा आणला. त्याच्या एका अंगाला गाडीचं चाक बसवलं आणि दुसऱ्या अंगाला माझ्यासाठी छोटी पुली. चाकाभोवतीच्या लोखंडी धावेवरून पट्टा घसरायला लागला, तर सायकलच्या फाटक्या ट्यूब तिच्यावर गुंडाळल्या. मोडलेल्या मुसळाच्या जागी आश्रुबानं बाभळीचं मुसळ घातलं. सगळं झालं, पण कल्याणराव मोटरीला हात लावू देईना.

आखितीच्या आदल्या दिवशी बन्सीधर रिकामी ट्रंक घेऊन आला. धुरपताबाईनं मला आणि दांड्याला शेजाऱ्याच्या गाडीवर घातलं आणि त्याला घेऊन गिरणीत गेली. पाहते तर दारात कल्याणरावाची आई, गंगम्मा, मिरचीच्या पोत्यावर बसलेली.

“अव्वा, ऊठ की. लोकं बघायलेत,” कल्याणराव गयावया करत होता.

“बघू दे. वर्साचं तिखट कांडल्याबिगर मी उठत नसते. तुझी ती मोटर कांडती का? न्हाई ना? मग हिचं जोड.”

कल्याणरावानं कपाळाला हात लावला. “दुपारी, पीठ बंद असताना. आन् मोटरीला काय झालं, तर मावशी, हे धूड भंगारात!”

“कबूल,” धुरपताबाई म्हणाली. तिनं आणि आश्रुबानं मला कोपऱ्यात बसवलं आणि मोटरीचा पट्टा चाकावर चढवला.

खटका ओढला. मोटर किंचाळली, पट्टा ताणला, आणि मुंजाजीच्या गाडीचं चाक जागच्या जागी फिरू लागलं. कसली घाई नाही, गडबड नाही. माझं पहिलं मुसळ वर गेलं, सुटलं, आणि सवडीनं खाली आलं. धप्! मग दुसरं, तिसरं. चौथं बाभळीचं, त्याचा आवाज जरा बोदा, पण पडलं तेही. धुरपताबाईनं तोंडात पदर कोंबला. मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं म्हणाली. म्हणू द्या.

संध्याकाळच्या एसटीनं बन्सीधर एकटाच पालमला परतला. ट्रंक रिकामीच होती, मांडीवर मात्र तिखटाचा डबा होता. “भावजयीला सांग, आक्कानं दिलंय,” धुरपताबाई एसटीच्या खिडकीखाली उभी राहून म्हणाली.

तेव्हापासून मी चालतोच आहे. मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी या गिरणीतल्या रेडिओवर आली, तेव्हाही माझं धप् धप् चालू होतं. आता दात झिजलेत, बाभळीचं मुसळ तर कितव्यांदा बदललं कोण जाणे. नवं आणणाऱ्यांवर माझा राग नाही. एवढंच मागणं आहे, मला भंगारात घालायच्या आधी मधी काही बसतंय का ते एकदा बघा.

परवा कल्याणराव सांगत होता, बाजारात मिरचीची नवी चक्की आलीय, चुटकीसरशी पूड करते. मी धसकलो. धुरपताबाईनं उखळातली मिरची हातानं सारखी केली आणि मानही वर न करता म्हणाली, “येऊ दे की. मधी काय घालायचं, ते बघू.”