पत्ता एक, तारा दोन

मित्रांनो, मी एक जुने नेटवर्क कार्ड आहे. तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढे. एका रुग्णालयाच्या सर्व्हरमध्ये माझे घर आहे. रुग्णांच्या तपासणीची चित्रे या सर्व्हरमध्ये साठतात आणि डॉक्टरांनी मागितली, की माझ्या तारेतून त्यांच्या पडद्यावर पोहोचतात.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या तपासनीस बाईंनी मला भिंगाखाली धरले, उलटेसुलटे पाहिले आणि मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

सुरुवातीची वर्षे सुखाची गेली. "बटण दाबायचा अवकाश, फोटो हजर!" असे म्हणत एक्स-रे काढणारे काका माझे कौतुक करत. मग नवी यंत्रे आली. एकेका रुग्णाची शेकडो चित्रे निघू लागली आणि दहा-दहा डॉक्टर ती एकाच वेळी मागू लागले. माझी दमछाक झाली, तरी रांग हटेना.

एका सकाळी शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याला आणले. डोक्याला मार होता. चित्रे निघाली, पण वरच्या मजल्यावरच्या शस्त्रक्रियागृहात ती थेंबाथेंबाने पोहोचत होती. शेवटी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरबाई स्वतःच जिना उतरून धावत आल्या.

"अहो, माणूस टेबलावर आहे! फोटोंसाठी काय मुहूर्त काढायचाय?"

रंगारी वाचला. पण वाया गेलेली ती मिनिटे माझ्या जिवाला लागली.

पुढच्याच आठवड्यात नवे कोरे कार्ड आले. व्यवस्थापक म्हणाले, "जुनं काढा, टाका भंगारात."

सर्व्हरची देखभाल करणाऱ्या बाईंना सगळे वायरताई म्हणत. त्यांनी माझा स्क्रू सैल केला आणि त्या थांबल्या. माझ्यावरची धूळ फुंकली, तार तपासली.

"साहेब, हे अजून धडधाकट आहे. दोघांना एकत्र जोडते."

"एका म्यानात दोन तलवारी?"

"तलवारी कसल्या? बैलजोडी म्हणा. ओझं वाटून घेतील."

खरे सांगायचे तर मला नव्याचा हेवा वाटत होता. पण ताईंनी सर्व्हरला आमची जोडी समजावून दिली. आता चित्रे मागायचा आमचा पत्ता एक आणि ती पाठवायच्या तारा दोन. काही डॉक्टरांची चित्रे नव्याकडून जात, काहींची माझ्याकडून. रांग ओसरली आणि माझा हेवाही.

काही महिन्यांनी शेजारचे कपाट सरकवताना नव्याची तार तुटली. नेमकी त्याच वेळी एका चिमुरडीची चित्रे वर चालली होती. खेळता खेळता तिच्या श्वासनलिकेत मणी अडकला होता. बाहेर तिची आई भिंतीला धरून उभी होती. क्षणात सगळा भार माझ्यावर आला. मी जिवाच्या आकांताने चित्रे पाठवत राहिले.

वायरताईंच्या फोनवर डॉक्टरबाई ओरडल्या, "हळू येतायत, पण येतायत! कुणी काही बंद करू नका!" आणि थोड्या वेळाने, "दिसला! मणी दिसला!"

मणी निघाला. दुपारी त्या आईने लेकीला कुशीत घेतले, तेव्हा वायरताई नव्याला दुसरी तार लावत होत्या.

मित्रांनो, एखादी वस्तू मंदावली, की ती निकामी झाली असे लगेच ठरवू नका. तिची धूळ झटका, दुखणे शोधा, तिला सोबत द्या. आणि तुमच्या घरात किंवा वर्गात कुणी एकटेच ओझे वाहताना दिसले, तर "इतका उशीर का?" असे विचारू नका. "अर्धे माझ्याकडे दे," एवढेच म्हणा.