साबण न लागलेलं भांडं

महाशिवरात्रीच्या दुपारी पहिली पाळी संपवून भगवंत भोईर अंबरनाथच्या आपल्या घरी आला, दारात चपला काढल्या आणि रताळ्यांचा वास येताच तो जागीच थबकला. उपासाच्या दिवशी रताळ्याला घाबरलेला माणूस साऱ्या शिवमंदिर भागात तो एकटाच असावा. पण कडेने पाक सुटलेल्या, खरपूस रताळ्याचा हा वास कुकरमधून येत नाही. घरातल्या एकाच भांड्यातून तो येऊ शकत होता.

ते भांडं म्हणजे डच ओव्हन. नावाला ओव्हन, प्रत्यक्षात बिडाचा जाडजूड टोप आणि त्यावर तेवढंच जाड झाकण. उल्हासनगरच्या बाजारात त्याला ते दिसलं आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाचं जे होऊ नये ते झालं. एमआयडीसीत ओतकाम तपासण्यात हयात गेलेली. त्याने टोप बोटाने वाजवून ऐकला, कड चाचपली आणि "माल एकदम साफ है," असं मोठ्याने म्हणाला. दुकानदाराने लगेच भाव वाढवला. रिक्षातून त्याने तो मांडीवर घेऊन आणला. "पोरीला दवाखान्यातून आणताना एवढं जपून धरलं नव्हतंस," त्याची बायको संजीवनी म्हणाली होती.

पण तीसुद्धा जेवताना गप्प व्हायची. मंद आचेवर मटण ठेवावं, झाकण घालावं आणि विसरून जावं. हाड आपणहून मांस सोडायचं. पाव भाजला की त्याचा पापुद्रा निवताना बारीक कडकड वाजायचा आणि भगवंत कान लावून ऐकायचा. देवळातही तो इतका एकाग्र होत नसे.

या सुखाची किंमत म्हणजे दोन नियम. एक, भांडं चरबी चोळून, तापवून मुरवायचं. शेंगदाण्याचं तेल चाललं असतं, पण त्याने बघितलेल्या व्हिडिओतला माणूस प्राण्याची चरबी म्हणाला, म्हणून भगवंतने खाटकाकडून बोकडाची आणली आणि थरावर थर चढवले. दुसरा नियम, साबण लावायचा नाही, कधीच नाही. गरम पाणी आणि फडकं. म्हणजे आजवर शिजलेलं प्रत्येक मटण त्या काळ्या तुकतुकीत अंगात मुक्कामाला होतं. परवाचं तर होतंच.

आगऱ्याच्या घरात मटणाचा टोप वेगळा असतो आणि त्याची जागाही वेगळी असते, मागच्या पडवीत नाहीतर ओट्याखाली. हे भगवंतला चालायला येण्याआधीपासून माहीत. पण एवढं देखणं भांडं ओट्याखाली ढकलायचं कसं? त्याने ते वरच्या फळीवर, देवघराला लागून, मानाने मांडलं होतं.

आणि त्याची आई, बनूबाई, बदलापूरजवळच्या गावातून जत्रेला आली होती. फळीवरचा टोप बघून तिने जे समजायचं ते समजून घेतलं.

भगवंत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. शेगडीवर तो टोप, समोर नऊवारीचा काचा मारलेली आई.

"आलास रं? हातपाय धू. दर्शन घेऊन आले. आता देवाला दावते नि मंग दोन घास खाते."

"आई, मी बाहेरून केळी आणतो. ताजी आलीत."

"केळी कशाला? माजे सासूचा असाच बिडाचा टोप व्हता. रताळी कशी मऊ झालीत बघ."

त्याने संजीवनीला गॅलरीत ओढलं. "तू थांबवलं का नाहीस?"

"मी देवळाच्या लाईनीत होते त्यांच्याबरोबर. रताळी त्यांनी सकाळीच धुऊन ठेवलेली, आल्या आल्या टोपात टाकली. मला वाटलं तुला विचारलं असेल. तुझ्या भांड्याला विचारल्याशिवाय हात लावायची टाप आहे का कोणाची?"

"आता काय करू?"

"सांग. नाहीतर नको सांगू. पण सांगायचं तर आत्ता."

भगवंतला धाकटा भाऊ आठवला. धर्मेशच्या घरी एकदा एकादशीला सुकटीच्या कढईत भगर झाली होती. तेव्हापासून आई त्याच्याकडे जायची, नातवंडांना कुरवाळायची, दोन तास बसायची. पण पिशवीतून स्वतःची स्टीलची बाटली काढून घरून आणलेलं पाणी प्यायची. भांडण नाही, शब्द नाही. फक्त बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज. धर्मेश म्हणतो, त्या आवाजापेक्षा शिव्या बऱ्या.

आत बनूबाईने रताळं ताटलीत काढलं, वर तूप सोडलं आणि ती देवघराकडे वळली. भगवंत तिच्यामागे आत आला. न सांगावं तर देव काही बोलणार नव्हता. पण जन्मभर हे आपल्याला ठाऊक राहणार होतं. ताटली देवापुढे टेकणार, तेवढ्यात तो म्हणाला,

"आई, त्यात मटण होतं."

हात थांबला. "कवा?"

"परवा."

"घासलास ना साबणानं?"

"त्याला साबण लावत नाहीत."

"परवापासून?"

"आणल्यापासून."

बनूबाईने ताटली हळूच ओट्यावर ठेवली, हात धुतले, पुन्हा धुतले. मग देवघराकडे तोंड आणि घराकडे पाठ करून बसली ती बसलीच. केळी आली, तिने बघितली नाहीत. भगवंतने टोप उचलून गॅलरीत, चपलांच्या मांडणीशेजारी नेऊन ठेवला. जड होता, पण आज फार जड लागला.

सकाळी तिने पिशवी भरली. दाराशी आली, गॅलरीतल्या टोपाकडे बघितलं.

"तिथं शोभतो. मानसाला दारातूनच कळतं."

"चुकलं, आई."

"चुकलं तर चुकलं. धरम्यानं मी खाल्ल्यावर सांगितलन. तू आदी बोललास."

तिने पिशवीत हात घातला आणि स्टीलची बाटली काढली. झाकण फिरल्याचा तो आवाज आला. बाटली रिकामी होती. ती तिने सुनेपुढे धरली.

"भरून दे. उन्हाचं निघायचंय."

संजीवनीने बाटली आत नेली आणि आधी साबणाने घासली. दोनदा.