शुक्रवारी खणलेली माती

माझे बाबा, रब झुंडल, तीस वर्षं आमच्या गावच्या ज्यूंच्या मर्तिक मंडळाचे पुढारी. या लिथुएनियाच्या चिखलात कुणीही मेलं, तरी त्याच्या डोक्याखाली पवित्र देशातल्या मातीची पुरचुंडी ठेवणारे तेच. दुसऱ्यांना देता देता स्वतःसाठी चिमूटभरही राखली नाही. शेवटची पुरचुंडी मागच्या हिवाळ्यात टायफसने गेलेल्या एका भिकाऱ्याला दिली, आणि आता स्वतःच अंथरूण धरलं. वैद्य म्हणाला, फार तर महिना.

आणि माती होती कुणाकडे? माझ्या भावाकडे, ओझेरकडे! तो पॅलेस्टाईनमध्ये फावडं मारत बसलाय. सहा वर्षांपूर्वी, किशिनेवला ज्यूंची कत्तल झाली त्यानंतर, तो झायोनवाल्यांत गेला. त्या दिवशीचं भांडण अजून माझ्या कानात घुमतंय.

ओझेर म्हणाला, "तुम्ही मशीहाची वाट बघत बसा. तोवर इथे आपले गळे कापतायत. आपला देश आपणच उभारायचा."

"देव नेईल तेव्हा जायचं!" बाबा कडाडले. "त्याच्याआधी नांगर घेऊन धावणारे तुम्ही कोण टिकोजीराव? टोपी नाही डोक्यावर, शब्बाथ नाही पाळत, आणि निघाले पवित्र देश वसवायला!"

माझा नवरा लाल बावट्यावाला. तो गप्प बसतोय कसला! "दोघेही खुळे," म्हणाला. "इथेच राहा आणि झारला उलथवा." मग तिघंही एकमेकांवर तुटून पडले, आणि चुलीवर माझं कालवण करपलं. एकाला वास आला असेल तर शपथ.

ओझेर गेला तसे बाबांनी कोट फाडला आणि जिवंत पोराचं सुतक धरून सात दिवस जमिनीवर बसले. तेव्हापासून या घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती.

मंगळवारी त्याचं टपाल आलं. एक कापडी पिशवी, आत तांबडी माती, आणि चिठ्ठी. मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले, "पेशे, बाबांना एवढंच विचार. त्यांच्यामागे मी कद्दिश म्हणू का?" बापामागे मुलाने म्हणायची ती प्रार्थना. दुसरा मुलगा आहेच कुठे आमच्यात? पुढचं वाचायच्या आत बाबांनी माझ्या हातातली पिशवी ओढली आणि भिरकावली.

"मेलेली माणसं कद्दिश म्हणत नाहीत!"

पिशवी फाटली. खाटेपासून चुलीपर्यंत माती पसरली. मी संतापून झाडू उचलला.

"खबरदार झाडू लावशील तर! कुठली माती आहे ती?"

"बरं, मग ओलांडून जाते. बाजारात माझी बदकं खोळंबलीत."

"पाय लावतेस? त्या मातीला?"

झालं! मी चुलीपाशी, दार पलीकडे, आणि मध्ये पवित्र देश. माझं डोकंच फिरलं. "पोटच्या पोराला सहा वर्षं मेलेला म्हणालात, तेव्हा काही वाटलं नाही. आणि मातीला पाय लागला की जीव जातो होय तुमचा? मेलं ते तुमचं पावित्र्य!"

बाबा धडपडत खाटेवरून उतरले, गुडघे टेकले, आणि बोटाने एकेक कण टिपू लागले. सवयीने एक चिमूट ओठांपाशी नेली, आणि विस्तवाला लागावा तसा हात मागे घेतला.

"शनिवारी खणली असेल त्या नास्तिकाने. ते कुठले शब्बाथला काम बंद ठेवायला!"

मी चिठ्ठी पुन्हा उघडली. चुलीपाशीच उभी राहून उरलेलं वाचलं. "बाबा विचारतील म्हणून लिहितो. माती शुक्रवारी खणली, दुपारच्या आधी; शब्बाथ लागला नव्हता. हात धुऊन."

बाबांनी ओणव्यानेच कान माझ्याकडे केला.

"पुन्हा वाच."

वाचलं.

"हात धुऊन?"

"हात धुऊन, बाबा."

त्यांनी मूठ मिटली. मातीसकट. माझ्याकडे न बघता गुरगुरले, "मेलेली माणसं हात धूत नाहीत."

मी खालीच बसले. बदकं गेली खड्ड्यात. "मग लिहू त्याला? कद्दिश म्हण म्हणून?"

"लिही त्या गाढवाला," बाबा खेकसले. "आणि म्हणावं, नीट म्हण. लहानपणी मधली एक ओळ खायचा."